पिस्टन नसलेलं इंजिन

ह्यांनी मला मिलमध्ये पहिल्यांदा नेलं ते एक पुस्तक वाचायला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण तोवर मी त्या फाटकाच्या आत कधी गेले नव्हते. पांडेसऱ्यातली ती साड्या रंगवायची आणि छापायची मिल. हे तिथे फिटर होते. बॉयलर, पंप, ब्लोअर, रंगाची मशिनं, जे बंद पडेल ते ह्यांच्याकडे यायचं. आम्ही डिंडोलीत एका खोलीत राहायचो, आम्ही दोघं आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. गाव साक्रीकडचं. मी बारावी पास होऊन सुरतेला आले होते, आणि त्या बारावीचा इथे एकच उपयोग झाला होता. गल्लीतल्या बायकांना गावाकडची पत्रं वाचून दाखवायची आणि त्यांची उत्तरं लिहून द्यायची.

घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे मी बरंचसं साध्या मराठीत लिहिते आहे, पण ह्यांची काही वाक्यं कानात जशी आहेत तशीच ठेवते.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. पहिली पाळी सुटल्यावर हे घरी आले, हात धुतले आणि म्हणाले, "चाल मन्हासंगे. एक पुस्तक वाचानं शे. इंग्रजी शे."

"तुम्हाला येतं की थोडंफार."

"झेरॉक्स खराब शे. अक्षर लागत नही."

मी सायकलवर मागे बसले आणि गेले. झेरॉक्स खरंच खराब होती, म्हणून मला दुसरी कसली शंका आली नाही.

मिलच्या मागच्या अंगाला जुनी जनरेटर खोली होती. जनरेटर नव्या शेडमध्ये गेला होता आणि त्या जागी एक लाल, बुटकी, दोन दारांची गाडी उभी होती. बॉनेट उघडं, आत पोकळ. इंजिन शेजारी फळ्यांवर, अर्धं सुटं केलेलं. मालकाचा धाकटा मुलगा, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणायचे, त्याच्या परदेशातल्या चुलतभावाने ती जपानी स्पोर्ट्‌स कार बोटीने पाठवली होती. वर्षभर ती डुमसच्या रस्त्यावर पळाली. मग एका उन्हाळ्यात तिचं पाणी उकळलं, पांढरा धूर निघाला आणि ती बंद पडली. शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून बघितलं आणि पुन्हा लावून टाकलं. यात पिस्टनच नाही, म्हणाले. शेवटी छोटे शेठनी ह्यांना बोलावलं, कारण कुणालाच न कळणारं मशीन ह्यांना कळतं अशी मिलमध्ये ह्यांची ख्याती होती.

"आठे ये," हे म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरून एका लोखंडी ठोकळ्यावर ठेवला. तिकोनी ठोकळा, तिन्ही बाजू फुगीर, मधोमध मोठं भोक आणि भोकात दात. "हाऊ रोटर. असे दोन शेत."

हे मला समजावत गेले. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. इथे हा तिकोनी रोटर एका खोक्यात गरगर फिरतो. खोका आतून भुईमुगाच्या शेंगेसारखा, कमरेत थोडा दबलेला. रोटरचे तिन्ही कोपरे सतत खोक्याच्या भिंतीला घासत फिरतात, त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. एका कप्प्यात हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यात दाबलं जाऊन पेटतं, तिसऱ्यातून धूर बाहेर जातो. एका कप्प्यातली हवा दुसऱ्यात जाऊ नये म्हणून रोटरच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक लोखंडी पट्टी असते आणि दोन्ही अंगांना बारीक वाकड्या पट्ट्या. ही सगळी सीलं. "सगळं इंजिन ह्या सीलवर शे," हे म्हणाले. "सील गई का सगळं गयं."

आणि छोटे शेठना ते नुसतं दुरुस्त नको होतं. त्यांनी परदेशातून मोठा टर्बो मागवला होता. तो खोलीच्या कोपऱ्यात लाकडी पेटीत, भुश्शात होता. गोगलगायीच्या शंखासारखे दोन शंख एकमेकांना चिकटलेले. गाडीचा धूर एका शंखातला पंखा फिरवतो, त्याच दांडीवरचा दुसऱ्या शंखातला पंखा हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त तर जोर जास्त.

मी स्टुलावर बसले आणि त्या इंजिनाच्या दुरुस्तीचं पुस्तक वाचायला लागले. इंग्रजी मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. अडलं तर मी अक्षरं सांगायची आणि हे अर्थ लावायचे. साडेतीन ते सहा, असं रोज ठरून गेलं. मुलीची शाळा दुपारची होती. सुटली की ती शेजारच्या मावशींकडे बसायची.

पहिल्या आठवड्यातच माझ्या काही गोष्टी लक्षात यायला हव्या होत्या. स्क्रू खाली पडला की हे जमिनीकडे न बघता तळव्याने फरशी चाचपायचे. डावीकडून कुणी आलं तर दचकायचे. मी त्याकडे कामाची तंद्री म्हणून बघितलं. मग एका संध्याकाळी बमरोलीच्या वळणावर आमची सायकल उभ्या हातगाडीवर जाऊन आदळली. हातगाडी केळ्यांची, रस्त्याच्या डाव्या कडेला, लख्ख उजेडात. केळीवाला शिव्या देत होता आणि हे नुसते त्याच्या आवाजाकडे तोंड करून उभे होते.

मी विचारलं, "तुम्हले दिखनी नही का?"

हे सायकल हातात धरून चालत राहिले. डिंडोलीचं फाटक आलं तेव्हा म्हणाले, "समोरचं दिखस. बाजूचं दिखत नही. वरीस व्हई गयं."

वर्षभर हे एका बोगद्यातून बघत होते आणि मला, मुलीला, मिलला, कुणालाच पत्ता नव्हता.

रविवारी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. म्हातारे गुजराती डॉक्टर होते, हिंदीत बोलायचे. त्यांनी थेंब घातले, यंत्रातून पाहिलं, काळ्या पडद्यासमोर बसवून ठिपके मोजायला लावले. हे थेंबांमुळे डोळे मिटून बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"काला मोतिया है," ते म्हणाले. आपल्याकडे त्याला काचबिंदू म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. "जो गया वो वापस नहीं आएगा. जो बचा है उसको बचाना है. महिने के अंदर ऑपरेशन करवा लो. दवा चालू रखो, पर दवा के भरोसे मत बैठना."

मी हो म्हटलं आणि चिठ्ठी घेऊन बाहेर आले.

बाकावर हे मान खाली घालून बसले होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "काय म्हने?"

आता यापुढचं मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. मी म्हटलं, "थेंब घालायचे. ऑपरेशन लागेल, पण सवडीने केलं तरी चालेल, म्हणाले."

हे एकदम मोकळे झाले. खांदे खाली आले. "मंग इंजिन व्हई जाऊ दे," म्हणाले. "आखाजीपर्यंत व्हई जाई. मंग करूत." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

मी तसं का म्हटलं, याची उत्तरं मी नंतर खूप शोधली. ऑपरेशनची सुट्टी मागायला गेले असते तर मिलला कळलं असतं, आणि अर्धवट दिसणाऱ्या फिटरला कुणी बॉयलरजवळ उभं करणार नाही. हे एक कारण खरंच होतं. ऑपरेशनची मला स्वतःला भीती वाटत होती, हेही खरं. पण तिसरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. बारा वर्षं मी भाकरी थापल्या, कपडे धुतले, ह्यांचा डबा भरला. हे चांगले होते, कधी हात उगारला नाही, पण आमच्यात बोलणं असं नव्हतं. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. त्या जनरेटर खोलीत मात्र हे माझ्याशी बोलायचे. मी वाचलेल्या ओळीवर थांबायचे, विचारायचे, "तुले काय वाटस?" मला काय वाटतं असं तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. ते दिवस एवढ्यात संपावेत असं मला वाटत नव्हतं.

त्यानंतर मी ह्यांचे डोळे झाले. छोटे शेठ आले की मी मुद्दाम सगळं मोठ्याने बोलायची. "हा मायक्रोमीटर, यावर ऐंशी." "तिकडे तेल सांडलंय, डाव्या हाताला." छोटे शेठ हसायचे. जेमतेम पंचविशीचे, गोरे, नेहमी इस्त्रीचा शर्ट. "भाभी तो इंजिनियर थई गया!" म्हणायचे. त्यांना वाटायचं मला बडबडायची सवय आहे.

इंजिन सगळं सुटं केलं तेव्हा कळलं की दोन खोक्यांच्या आणि झाकणांच्या मधल्या रबरी कड्या उकळून कडक झाल्या होत्या. पाणी आत गळत होतं. एका रोटरच्या कोपऱ्यावरच्या पट्ट्या झिजल्या होत्या. खोक्याच्या आतल्या भिंतीला क्रोमचा मुलामा असतो. हे डोळे मिटून त्यावर नख फिरवायचे. पूर्ण एक वेढा, हळूहळू. "आठे जरासं शे," म्हणून थांबायचे. मी वाकून पाहायची तर केसासारखी रेघ, उजेड तिरपा पडला तरच दिसणारी. पण चालण्याजोगी. दोन्ही खोके पुन्हा वापरता येतील असं हे म्हणाले तेव्हा छोटे शेठनी विचारलं, "मिस्त्री, बराबर जोयुं ने?" नीट पाहिलंत ना?

"हो शेठ," हे म्हणाले, "नीट पाह्यलं."

मोठा टर्बो जुन्या जागी बसत नव्हता. इंजिनापासून त्याच्यापर्यंत धुराची नवी नळी करायची होती, आणि ती इतकी तापते की साधा पाइप फुटतो. ह्यांनी मिलच्या भंगारातून बॉयलरच्या वाफेच्या लाइनचे जाड, वाकवलेले पाइप काढले. ते कापून, घासून, एकमेकांना जुळवून दिले आणि पांडेसऱ्यातल्या एका वेल्डरकडून जोडून घेतले. आधी हे स्वतः वेल्डिंग करायचे. वेल्डरने विचारलं, "आज काय मिस्त्री, हात दुखतो का?" हे हो म्हणाले.

सगळ्यात अवघड काम बारीक सीलांचं होतं. रोटरच्या अंगावरच्या त्या वाकड्या पट्ट्या, एकेका रोटरला सहा, म्हणजे बारा. नव्या पट्ट्या मुद्दाम लांब येतात. प्रत्येक पट्टी तिच्या खाचेत ठेवून, टोकाला कानशीने घासून तिच्या मापाची करायची. टोकाशी किती फट उरली ते पोलादाच्या पातळ पातींच्या गेजने बघायचं. पाचची पात जायला हवी, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. पंधराची जाता कामा नये. कमी फट राहिली तर तापल्यावर पट्टी अडकते, जास्त राहिली तर दाब निसटतो.

हे कामही ह्यांनी मला दिलं. "तुन्हा हात हलका शे," म्हणाले. कानशीचे तीन हात मारायचे, पट्टी ठेवायची, पात सरकवायची, पुन्हा दोन हात. पहिल्या पट्टीला मला तीन दिवस लागले. मग हात बसला. हे समोर बसून ऐकायचे. कानशीच्या आवाजावरून सांगायचे, "तिरपी पडनी. सरळ धर."

सातव्या पट्टीला मी चुकले. मुलीला ताप होता, माझं लक्ष घराकडे होतं. पात सरकवली तर पंधराची सरळ आत गेली. मी वीसची घातली, तीही गेली. जास्तीची पट्टी एकसुद्धा नव्हती. माझा हात थांबलेला ह्यांना कळला.

"गई का?"

मी रडायला लागले. ह्यांनी हात पुढे करून माझ्या मांडीवरची पट्टी घेतली, दोन बोटांत फिरवली. मग जुन्या पट्ट्यांचा डबा ओढला आणि एकेक चाचपत बसले. अर्ध्या तासाने त्यांतली एक माझ्या हातात दिली. "हाई बठाडी पहा." ती बसली. पंधराची पात अडकत अडकत गेली. "चाली," हे म्हणाले. "रडू नको. मी एकदा मिलचा अख्खा पंप फोडेल शे." मी हसले. ह्यांनी मला पंपाची गोष्ट सांगितली, आणि नंतर त्यांच्या लहानपणाची, आणि मेलेल्या बहिणीची, जिचं नावसुद्धा मला बारा वर्षांत माहीत नव्हतं.

संक्रांत गेली, होळी आली. थेंबांची बाटली आम्ही न चुकता वापरत होतो, त्यावर मी स्वतःचं समाधान करायची. पण बोगदा अरुंद होत होता. आधी हे माझा चेहरा पूर्ण पाहायचे. होळीला म्हणाले, "तुन्हं नाक दिखस, कान दिखत नही." चेष्टेत म्हणाले. त्या वेळी तरी मी तोंड उघडायला हवं होतं. इंजिन जोडायला आठ दिवसच उरले होते. मी म्हटलं, आता आठ दिवसांनी काय होतं.

इंजिन जोडताना ते उभं ठेवून जेवणाच्या डब्यासारखं एकावर एक रचतात. खाली झाकण, त्यावर रोटर आणि खोका, मधली जाड थाळी, पुन्हा रोटर आणि खोका, वर झाकण. सीलं पडू नयेत म्हणून व्हॅसलिनने चिकटवायची. मग लांबच लांब बोल्ट आरपार घालून ठरलेल्या क्रमाने आवळायचे. मी क्रम वाचला, ह्यांनी पाना फिरवला. पूर्ण आवळल्यावर ह्यांनी दांडा हाताने फिरवला आणि कान लावला. आतून फुस्‌, फुस्‌, फुस्‌ असा श्वास आला, तिन्ही सारखे. ह्यांनी दुसऱ्या रोटरचेही ऐकले. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "पानी दे."

गाडीत बसवून, टर्बो जोडून, नळ्या लावून आखाजीच्या आधीच्या रविवारी सकाळी ती सुरू केली. छोटे शेठ आत बसले. पहिल्यांदा नुसती कुरकुरली. दुसऱ्यांदा एकदम भडकली, व्हॅसलिन आणि तेल जळून खोलीभर धूर झाला, आणि धुरातून तो आवाज आला. मिलच्या मशिनांचा आवाज आम्हाला रोजचा होता, पण हा वेगळा होता. एकसारखा घरघरता, आणि पायाने दाबलं की वर चढत जाणारी शिट्टी. मिलमधली माणसं दाराशी जमली. हे गाडीपासून चार पावलांवर उभे होते. गाडीकडे बघत नव्हते, मान थोडी तिरकी करून भिंतीकडे तोंड. मला तेवढ्यात दिसलं की तेलाच्या नळीतून थेंब पडतायत. मी नेहमीसारखं मोठ्याने म्हटलं, "डाव्या हाताला, खालच्या नळीला ओलं!" ह्यांनी वाकून, चाचपून नळी आवळली.

निघण्याआधी ह्यांनी छोटे शेठना दाबाचा स्क्रू दाखवला. "शेठ, हवा एवढीच. अर्ध्यावर काटा, त्याच्या पुढे नाही. पेट्रोल जेवढं पोचतं तेवढीच हवा पाहिजे. हवा जास्त झाली की आत वेळेआधी भडका होतो आणि सील तुटतं. पेट्रोलची मोठी सोय केली की मग वाढवू." त्या स्क्रूला तार बांधून त्यांनी गाठीवर शिसं दाबलं.

छोटे शेठनी ह्यांना शेजारी बसवलं आणि डुमसला जाऊन आणलं. तासाभराने परत आले तेव्हा ह्यांचे केस उडालेले होते. मी विचारलं, कसं वाटलं? हे म्हणाले, "सूर्य समोर व्हता. नुसतं पांढरं दिखनं. पन पाठवर असा हात पडना, जसं कोनी ढकली राहिनं." आणि मग रस्ताभर ते त्याच हाताबद्दल बोलत राहिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. चिठ्ठीवरची तारीख बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग इंग्रजीत लिहीत म्हणाले, "बहन, पाँच महिने हो गए." एवढंच. ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं आधी, महिन्याने दुसऱ्याचं. पहिल्या डोळ्यात जे उरलं होतं तेही गेलं. दुसऱ्यात खिडकी कुठे आहे एवढं कळण्यापुरता उजेड राहिला, तोही पावसाळ्याच्या अखेरीस गेला.

मिलला कळलंच. मोठ्या शेठनी स्टोअरमध्ये बसवतो म्हणून निरोप दिला. हे गेले नाहीत. "बोल्ट मोजाले बठाडतीस," म्हणाले. दिवसभर खाटेवर बसून राहायचे. मी पापड लाटायला लागले, मग साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणलं. मुलगी शाळेतून आली की त्यांच्याशी गुजरातीत बोलायची, ती तेव्हा घरातही गुजरातीच बोलायला लागली होती. हे तिला अहिराणीत उत्तर द्यायचे. बाकी वेळ घरात आवाज नसायचा.

दसऱ्याच्या सुमाराला छोटे शेठ आमच्या गल्लीत आले. त्यांच्यासोबतच्या माणसाच्या हातात इंजिनातला एक खोका होता, कापडात गुंडाळलेला. छोटे शेठ खाली मान घालून उभे राहिले. ह्यांना असं पाहून त्यांना धक्का बसलेला दिसत होता.

"मिस्त्री, बंद पडी गई," ते म्हणाले.

ह्यांनी हात पुढे केले. मी खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. ह्यांनी क्रोमवर नख फिरवलं. दोन बोटांइतकं सरकलं आणि थांबलं. पुढे खोल ओरखडा होता, डोळस माणसाला हात न लावताही कळेल असा. तुटलेली पट्टी आत फिरत राहिली होती आणि तिने भिंत फाडली होती.

"तार तोडली?" ह्यांनी मराठीतच विचारलं.

छोटे शेठनी मान हलवली. मग म्हणाले, "मित्र साथे शर्त लागी'ती. एक ज वार." मित्राशी पैज लागली होती. एकदाच.

मला इतका राग आला की मी आत गेले. ज्या पट्ट्या मी घासल्या होत्या, ज्यांच्यासाठी पाच महिने गेले होते, त्या ह्या पोराने एका पैजेवर घालवल्या. आतून मला ह्यांचा आवाज ऐकू आला. शांत होता. "शेठ, नवा खोका मागवा. नव्या पट्ट्या. पेट्रोलची मोठी सोय करा. मग कुणी डोळ्यांचा माणूस बघा, मी त्याला सांगेन."

छोटे शेठ पुन्हा आले नाहीत. गाडी मुंबईच्या कुणीतरी नेली असं पुढे ऐकलं.

ह्यांना खाटेवरून उठवलं ते पांडेसऱ्यातल्या त्या वेल्डरने. त्याच्या शेजारी विजेच्या मोटारींचं आणि पंपांचं वायंडिंग भरायचं दुकान होतं. तो एक दिवस ह्यांचा हात धरून घेऊन गेला आणि एका चालत्या मोटारीजवळ उभं केलं. ह्यांनी कान दिला आणि सांगितलं, मागचं बेअरिंग गेलंय, आणि दांडा थोडा वाकलाय. उघडल्यावर तसंच निघालं. त्यानंतर हे रोज सकाळी तिथे जाऊन बसायला लागले. सोळा वर्षं बसले. आधी मी सोडायला जायची, नंतर मुलगी. त्या कमाईत आणि माझ्या टिकल्यांत मुलीचं शिक्षण आणि लग्न झालं.

मुलीचं लग्न लागून ती सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघंच होतो. दुपारी मी ह्यांना वाढत होते. मला एकदम वाटलं की आज बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. मी तवा खाली उतरवला आणि सांगितलं. डॉक्टरांनी महिन्याच्या आत म्हटलं होतं. सवडीने असं ते म्हणालेच नव्हते. ते मी म्हटलं होतं.

ह्यांचा हात ताटात थांबला.

"का?" ह्यांनी विचारलं.

मिलचं कारण सांगावं असं एकदा मनात आलं. पण मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "तुम्ही तिथे माझ्याशी बोलायचे."

शेजारच्या घरात रेडिओवर बाजारभाव चालू होते, ते सगळे संपले. मग हे म्हणाले, "तू महिना सांगती तरी मी जातू नही. इंजिन सोडीसन जातू नही."

"हे माझ्यासाठी म्हणताय."

"नही," हे म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "माले माहीत नही."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर हे दोन दिवस दुकानात गेले नाहीत. माझ्याशी रागाने वागले नाहीत, पण बोललेही नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी ताट ठेवायची, ते जेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी स्वतःच्या हाताने दाढी केली, गालावर दोन ठिकाणी कापलं. मी पुढे होऊन कापूस लावायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं आता काही बोलतील. नुसतं धरून ठेवलं, मग सोडलं, आणि काठी घेऊन दाराकडे वळले. मी चपला घालून त्यांच्या मागे गेले.